आमची वाटचाल : एचपीच्या बेरजेपासून केव्हीएपर्यंत

२००८ साली जळगाव एमआयडीसीत एक गाळा घेतला. मोटार वाइंडिंग आणि डाळमिलची वायरिंग, एवढंच काम. कुणी लोड काढून मागितला की नेमप्लेट वाचायच्या, एचपीची बेरीज करायची, वर थोडं ‘सेफ्टीला’ टाकायचं. मालक खूश! न वापरलेल्या डिमांडचे (वीज कंपनीकडे राखून ठेवलेल्या कमाल भाराचे) पैसे तो दर महिन्याला भरतोय, हे ना त्याला कळायचं ना मला.

डोळे उघडले ते एका डाळमिलमध्ये. जोडलेला भार १८० एचपी, म्हणजे १३४ किलोवॅट. टाँगटेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) घेऊन दिवसभर उभा राहिलो. पॉलिशर, एलिव्हेटर, चाळण्या एकदम पूर्ण दमाने चालतच नव्हत्या. प्रत्यक्षात सत्तर टक्के, म्हणजे ९४ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामाला येणारा वाटा) ०.८५ असताना हे १११ केव्हीए; डिमांड याच एककात मोजतात. कपॅसिटर लावून ०.९८ केला तर ९६. जिनिंगला मात्र अशी सूट धरू नये. तिथे कापूस आला की सगळंच एकदम फिरतं.

मी आपटलो ते केळीत. सावद्याकडे सहा रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, प्रत्येकी साडेसात किलोवॅट. थर्मोस्टॅटमुळे सगळे कॉम्प्रेसर एका वेळी चालत नाहीत, म्हणून साठ टक्के धरले आणि बाकी किरकोळ मिळून ३५ केव्हीए डिमांड घ्यायला लावली. दोन वर्षं सुरळीत गेली. मे २०१९ मध्ये रमजानची मागणी होती, सहाही खोल्या दोन दिवसांत भरल्या. पिकायला लागलेला माल स्वतःच गरम होतो. त्यात वादळाने चार तास लाईट गेली; जनरेटर फक्त पंख्यांपुरता. लाईट आली तेव्हा सहाही कॉम्प्रेसर तासभर थांबलेच नाहीत. मीटर अर्ध्या तासाची सरासरी नोंदवतं, आणि महिन्यात असा एकच अर्धा तास पुरतो. आकडा पडला ५४. जादा १९ केव्हीएवर दीडपट दंड.

मालक म्हणाला, “काय भो, खोल्या त्याच, मशिनी त्याच, मग बिल कुठून फुगलं?”

त्या कामाची फी मी परत केली.

त्यावर मी काढलेला पहिला उपायही चुकला. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने कॉम्प्रेसर सुरू होतील असे टायमर लावले. सुरू होतानाचा झटका गेला, बल्ब मंद व्हायचे थांबले; पण अर्ध्या तासानंतर सहाही चालूच, डिमांड जिथल्या तिथे. मग पॅनेलमध्ये इंटरलॉक केलं : एका वेळी चारच, जी खोली जास्त तापली तिचा नंबर आधी. डिमांड ४० करून घेतली. अजून तरी ओलांडलेली नाही.

आता आम्ही सात जण आहोत. आमच्या पाहणीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न एचपीचा नाही. लाईट जाऊन चार तासांनी आली तर काय काय एकदम सुरू होतं, हा आहे. मालकाला बहुधा ते सांगता येत नाही, रात्रपाळीच्या माणसाला येतं. म्हणून एक फेरी आम्ही रात्री नऊनंतर मारतो.