क्राऊसने न गायलेल्या भूमिका

ऑपेरातल्या टेनरला, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाला, पट्टी निवडायची मोकळीक नसते. आपला ख्यालगायक गळा जड असेल त्या दिवशी अर्धा स्वर खाली बसेल, तंबोरे तसे लावून घेईल. तिकडे स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि माइक नाही. फार तर एखादी आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) अर्धा स्वर उतरवतात, तीही आधी ठरवून. टेनरचा तो गाजलेला 'हाय सी' म्हणजे साधारण ५२३ हर्ट्झ. पांढरी एकचा सा धरला तर पुरुषाच्या गळ्याला अतितार षड्ज. आणि तो भरल्या आवाजात लागायला हवा, चोरट्या नाही.

म्हणून टेनर टिकतो की नाही, हे बरंचसं भूमिकांच्या निवडीवर ठरतं. स्पॅनिश टेनर आल्फ्रेडो क्राऊस बघा. जन्म १९२७चा, कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासचा. शिक्षण इंजिनीअरिंगचं, गाण्याची तालीम मिलानमध्ये मेर्सेदेस ल्योपार्तकडे. १९५६ साली कैरोत व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' ऑपेरातला ड्यूक, १९५८ला लिस्बनमध्ये विख्यात गायिका मारिया कॅलससोबत 'ला त्राव्हियाता', १९६६ला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह. साठी उलटल्यावरही मास्नेच्या ऑपेरातल्या वेर्टरसारखी भूमिका गात होता.

व्हेर्दीचा ऑथेल्लो, पुच्चीनीच्या 'तुरानदोत'मधला कालाफ या वजनदार भूमिकांच्या वाटेला तो गेला नाही. कारण गळ्याच्या रचनेत आहे. मधल्या सीच्या वरच्या ई ते जीच्या टप्प्याला इटालियनमध्ये 'पसाज्जो' म्हणतात. इथे छातीच्या आवाजाने हळूहळू डोक्याच्या आवाजाला जागा करून द्यायची असते. उघडा 'आ' किंचित 'ओ'कडे झुकवतात. वजनदार भूमिकांत याच पट्ट्यात, ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, गजरात, तासन्‌तास गावं लागतं. मग उघडा 'आ' तसाच रेटून वर न्यायचा मोह होतो. काही वर्षं आवाज मोठा लागतो, लोक खूश होतात. पुढे हळू गाणं जमेनासं होतं, वरचे स्वर निसटायला लागतात, लांबवलेला स्वर हेलकावे खातो.

खरं तर रेटायची गरजही नसते. ऑर्केस्ट्राचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त आणि वर उतरता. कमावलेल्या आवाजात २५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात धार येते, ती वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जाते. क्राऊसचा आवाज आकाराने मोठा नव्हता. तो पोचायचा या धारेवर.

ड्यूकचीच भूमिका घ्या. पडदा उघडून काही मिनिटांत 'क्वेस्ता ओ क्वेल्ला' ही आरिया, म्हणजे गळा विंगेतच तापवून यायचा. दुसऱ्या अंकात लांब दमाची आरिया. तिच्यानंतरचा द्रुत भाग बरेच जण गाळतात, क्राऊस गायचा. तिसऱ्या अंकात 'ला दोन्ना ए मोबिले', लगेच चौघांचं गाणं, आणि शेवटी तीच चाल पुन्हा, या वेळी पडद्याआडून. तिचा शेवटचा बी, म्हणजे हाय सीच्या अर्धा स्वर खालचा सूर, विरत विरत जायचा असतो. थकलेल्या गळ्यातून मोठा बी एक वेळ निघेल. तो बारीक करत नेणं अवघड. आणि इथे नेमकं तेच हवं, कारण पोत्यात ड्यूकचं प्रेत आहे असं समजून बसलेल्या रिगोलेत्तोला (ड्यूकचा विदूषक, यानेच त्याच्या खुनाची सुपारी दिलेली) ड्यूक जिवंत असल्याचं कळतं ते या लांब जाणाऱ्या आवाजावरून.