काढलेल्या पॉलिपची जागा

त्या रुग्णाच्या पोटात काढण्यासारखी गाठ उरलेलीच नव्हती. मार्केट यार्डात आडत असलेले हे ५४ वर्षांचे गृहस्थ शौचावाटे रक्त जाते म्हणून बरेच दिवस मूळव्याधीची औषधे घेत होते. अखेर दुसऱ्या एका रुग्णालयात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा सुमारे ३ सेंटिमीटरचा बसका पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, सापडला आणि तो दुर्बिणीतूनच काढण्यात आला. तपासणीत मात्र त्यात कर्करोग निघाला. पेशी आतड्याच्या अस्तराखालच्या थरात शिरलेल्या होत्या, लसिकाग्रंथींकडे जाणाऱ्या सूक्ष्म लसिकावाहिन्यांतही दिसत होत्या आणि कापलेल्या कडेपासून १ मिलिमीटरच्या आत पोहोचल्या होत्या.

“डॉक्टर, गाठ काढून झाली ना? मग पोटाचं ऑपरेशन कशाला?” त्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना सांगितले, “काका, गाठ गेली, पण तिच्यातून निघालेल्या पेशी शेजारच्या लसिकाग्रंथींत गेल्या आहेत का, हे दुर्बिणीतून कळत नाही, आणि सीटी स्कॅनमध्येही लहान ठिपके निसटतात.” पॉलिपमधला कर्करोग इतका वरवरचा असतानाही साधारण दहातल्या एका रुग्णात ग्रंथींपर्यंत गेलेला असतो, आणि लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या की धोका त्याहून वाढतो. दोन दिवस विचार करून ते तयार झाले.

माझी काळजी वेगळीच होती. अहवालात पॉलिपची जागा ‘सिग्मॉइड (गुदाशयाच्या लगेच वरचे मोठे आतडे), ३५ सेंटिमीटर’ एवढीच लिहिलेली होती आणि ती जागा नंतर ओळखता यावी म्हणून टोचतात त्या शाईच्या खुणेचा कुठेही उल्लेख नव्हता. आतडे दुर्बिणीवर कधी गोळा होते, कधी ताणले जाते, त्यामुळे सेंटिमीटरच्या आकड्यावर विसंबून जागा ठरवता येत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइडवर चालणारी कोलोनोस्कोपी थिएटरमध्ये तयार ठेवायला मी आदल्या दिवशीच सांगितले होते. साध्या हवेने आतडी फुगून राहतात आणि लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटाला छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत, काही दिसेनासे होते. हा वायू मात्र लवकर शोषला जातो.

लॅप्रोस्कोप आत घालून पाहिले, तर सिग्मॉइड बाहेरून सर्वस्वी निरोगी दिसत होते. आमच्या पोटविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांनी कोलोनोस्कोपीची दुर्बीण सावकाश वर नेली. सिग्मॉइड संपले, तरी पॉलिप काढल्याचा व्रण सापडला नाही. तो सापडला थेट मोठ्या आतड्याच्या प्लीहेजवळच्या (डाव्या बाजूच्या) वळणाच्या जरा खाली: फिकट, आणि सभोवतालच्या वळ्या त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या. थिएटरमधले आणि लॅप्रोस्कोपचे दिवे मंद करताच दुर्बिणीचा उजेड आतड्याच्या भिंतीतून बाहेर चमकला आणि मी तिथेच टाक्याची खूण केली.

त्या उजेडाने शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलला. प्लीहेजवळचे वळण सोडवून, त्या भागाच्या रक्तवाहिन्या मुळाशी बांधून, ग्रंथींसह आतड्याचा तो तुकडा काढला आणि निरोगी टोके जोडली. केवळ अहवाल प्रमाण मानून सिग्मॉइड काढले असते, तर रुग्णाने मोठी शस्त्रक्रिया सोसली असती आणि रोगाची जागा पोटात तशीच राहिली असती. हा विचार आजही मला अस्वस्थ करतो, कारण हे टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. संशयास्पद किंवा मोठा पॉलिप काढतानाच त्याच्याजवळ अस्तराखाली कार्बनची निर्जंतुक शाई टोचावी, तीही आतड्याच्या परिघावर दोन-तीन ठिकाणी, म्हणजे एखादा ठिपका चरबीआड गेला तरी दुसरा दिसतो. आणि शाई पॉलिपच्या खाली टोचली की वर, हे अहवालात लिहावे. सीकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) आणि गुदाशय वगळता ही खूण हवीच, असे माझे ठाम मत आहे.

पॅथॉलॉजीच्या अहवालात व्रणाच्या जागी कर्करोग उरलेला नव्हता, परंतु तपासलेल्या १६ ग्रंथींपैकी एकीत तो आढळला. आजार तिसऱ्या टप्प्यात गेला आणि तीन महिन्यांची केमोथेरपी ठरली. त्यांच्या ४७ वर्षांच्या भावालाही कोलोनोस्कोपी करून घ्यायला मी सांगितले, कारण सख्ख्या नात्यात हा आजार असल्यास चाळिशीपासूनच तपासणी सुरू करायची असते. भावाच्या चिठ्ठीत मी एक ओळ मुद्दाम घातली: मोठा पॉलिप काढल्यास जागेवर शाईची खूण करावी.