लेझरचा चष्मा: स्वस्त मिळतो, पण कुठल्या लेझरसाठी?

लाकडावर कोरायचं डायोड लेझर घेतलं, तेव्हा खोक्यात पातळ प्लास्टिकचा एक हिरवा चष्मा फुकट निघाला. त्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. ना नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे कुठला रंग अडवतो ते), ना ओडी (किती अडवतो ते), ना कंपनीचं नाव. मशीन १० वॅटचं. अर्ध्या वॅटच्या पुढचं प्रत्येक लेझर क्लास ४ या सर्वात धोकादायक वर्गात मोडतं, आणि तिथे थेट किरणच कशाला, चकचकीत स्टीलवरून उडालेला किरणही डोळा घालवू शकतो. निळा प्रकाश बुबुळातून सरळ आत शिरतो आणि डोळ्याचं भिंगच तो पडद्यावर एका टिंबात गोळा करतं.

आमच्याकडे धुळ्यात देवपूरला घरांच्या नावाच्या पाट्यांना बरी मागणी आहे, श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या सजावटीलाही लोक काहीबाही करून मागतात. कमाई फार नाही, हौसच जास्त. त्यामुळे चष्म्यावर मशीनच्या निम्मी किंमत घालायची तयारी नव्हती, आणि नामांकित कंपन्यांचे प्रमाणित चष्मे तेवढ्याच्या घरात जात होते.

आधी पाचकंदीलजवळच्या एका हार्डवेअरवाल्याला विचारलं. त्याने वेल्डिंगचा गॉगल पुढे केला. "हाऊ लई जा भो, यामा सूर्यबी दिसाव नही." त्याचं चुकत नव्हतं, त्याच्याकडे जे होतं ते त्याने दाखवलं. पण गॅस वेल्डिंगची ५ नंबरची काच साधारण पन्नासातला एक भाग प्रकाश आत सोडते. १० वॅटमधले जवळजवळ २०० मिलीवॅट. ११ नंबरची काच बरीच जास्त अडवते, पण तिच्यातून काम दिसतच नाही, मग माणूस बघायला म्हणून चष्मा वर करतो. शिवाय हे नंबर वेल्डिंगच्या झगझगाटासाठी ठरवलेले आहेत, एकाच रंगाच्या धारदार किरणासाठी नाहीत.

इथे ओडीचं गणित एकदा समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो. ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी १ असेल तर दहावा भाग आत येतो, २ असेल तर शंभरावा, ४ असेल तर दहा हजारावा. माझ्या १० वॅटचा सगळा किरण ओडी ४ मधून आला तर उरतो १ मिलीवॅट. क्लास २ ची मर्यादा नेमकी तेवढी आहे, आणि तीही पापणी पाव सेकंदात मिटते हे धरून. निळ्याकडे टक लावून बसलं तर तेवढंही जास्तच. म्हणून मी ओडी ६ ची अट घातली, म्हणजे दहा लाखातला एक भाग. हिशेब करताना मशीनच्या जाहिरातीतला मोठा आकडा धरू नका आणि घाबरू नका. "४० वॅट" बऱ्याचदा विजेचे असतात, प्रकाशाचे ५-१० च. माहितीपत्रकात 'ऑप्टिकल पॉवर' शोधायची.

ऑनलाइन शोधायला लागलो तर तीनशे रुपयांपासून चष्मे. सर्वात जास्त दिसायचे "१९० ते २००० नॅनोमीटर, सर्व लेझरसाठी" असं लिहिलेले. हे बहुतेक केस काढण्याच्या आयपीएल मशीनचे गॉगल असतात. जरा विचार केला तरी दावा गळून पडतो. आपल्याला दिसणारा सगळा प्रकाश साधारण ४०० ते ७०० मध्ये येतो. ती पूर्ण पट्टी खरंच ओडी ६ ने अडवली तर चष्म्यातून समोरची भिंतसुद्धा दिसणार नाही. दिसतेय ना? मग काहीतरी आत येतंय, आणि किती ते कोणी सांगत नाही.

माझं मशीन ४५० नॅनोमीटरच्या आसपासचं, निळं. इथे स्वस्तातल्या माणसाचं नशीब उघडतं. निळा अडवायला पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये नारिंगी रंग मिसळला की काम होतं, आणि तो रंग महाग नाही. त्यामुळे निळ्या डायोडसाठी परवडणारा आणि तरी खरा चष्मा मिळू शकतो. सीओटू लेझरला (१०,६०० नॅनोमीटर) तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटही चालतं, कारण तो किरण त्यातच शोषला जातो. अर्थात तिथेही छापील आकडा हवाच. पैसे लागतात ते १०६४ च्या फायबर लेझरला.

दोन-तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न पाठवला: ४५० वर ओडी किती आणि त्याचा ग्राफ आहे का? एकाचं उत्तर आलं, "बेस्ट क्वालिटी सर." एकाने ग्राफचा फोटो आणि फ्रेमचा जवळून काढलेला फोटो धाडला. फ्रेमवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी ६+ कोरलेलं, स्टिकर नाही. युरोपच्या ईएन २०७ प्रमाणे तपासलेल्या चष्म्यावर डी, आय, आर, एम अशी अक्षरं आणि एलबी नंतर आकडा असतो. त्यातला 'डी' सलग चालणाऱ्या लेझरसाठी. ती चाचणी कडक असते, थेट किरण काही सेकंद झेलूनही काच टिकावी लागते. ग्राफ धाडणाऱ्याकडून घेतलेल्या माझ्या चष्म्यावर ते नव्हतं, किंमत अडीच हजारांच्या आत होती. नंबरच्या चष्म्यावर बसेल असा रुंद आणि बाजूने झाकलेला मॉडेल निवडला.

आल्यावर पहिली परीक्षा राउटरच्या निळ्या दिव्याची. फुकटच्या हिरव्या चष्म्यातून दिवा जसाच्या तसा दिसला. तो तिथेच बाद. नारिंगीतून दिवा विझल्यासारखा झाला. पण ही परीक्षा फक्त नापास करू शकते, पास नाही. ओडी २ वरही दिवा जवळपास नाहीसाच होतो. म्हणून ओळखीच्या एका फिजिक्सच्या सरांकडे गेलो. त्यांच्या लॅबमध्ये काही मिलीवॅटचा निळा लेझर आणि पॉवर मीटर आहे. मध्ये काच धरल्यावर मीटर शून्यावर आला. तो मीटर हजारावा भाग जेमतेम मोजतो, म्हणजे ओडी ३ पर्यंतची खात्री झाली. पुढचं विक्रेत्याच्या ग्राफवर. सर म्हणाले, "घाला, पण चष्म्यावर भिस्त ठेवू नका."

तेच पटलं, कारण चष्मा मी घालणार, पण "मामा काय करताय" म्हणत आत घुसणारा भाचा घालणार नाही. उरलेल्या पैशात प्लायचं बंद खोकं केलं, काचेची खिडकी न ठेवता. आत स्वस्तातला यूएसबी कॅमेरा, झाकणाला मायक्रोस्विच, मागे धूर ओढायचा पंखा. झाकण उघडलं की लेझर बंद. आग लागू शकते म्हणून समोरून मात्र हलत नाही. चष्मा आता जॉब जुळवताना आणि फोकस करतानाच लागतो. त्यातून निळा ठिपका दिसत नाही, पण लाकडावर तो पडतो तिथे एक पिवळसर-नारिंगी डाग उमटतो, त्यावरून जागा जुळते. धुळ्याच्या धुळीत काच कोरड्या रुमालाने पुसायची नाही, साबणाच्या पाण्याने धुवायची. खोल ओरखडा पडला तर चष्मा बाद.

मध्यंतरी जळगावचा एक मित्र आला. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायला त्याने १०६४ चं फायबर मशीन घेतलंय. "तुझा चष्मा दे दोन दिवस," म्हणाला. मी टीव्हीचा रिमोट काढला, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू केला, कॅमेऱ्यापुढे माझी नारिंगी काच धरली आणि रिमोटचं बटण दाबलं. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाचा जांभळट ठिपका व्यवस्थित लुकलुकत होता. रिमोट साधारण ९४० नॅनोमीटरवर चालतो. नारिंगी रंग तो अडवतच नाही आणि १०६४ ही नाही. शिवाय १०६४ डोळ्यालाही दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटायचा प्रश्नच नाही. मित्राने कुरकुरत ९०० ते ११०० चा चष्मा मागवला, माझ्या तिपटीहून महाग. आल्या दिवशी त्याने तोच रिमोट लावून व्हिडिओ पाठवला. त्याच्या काचेतून ठिपका गायब होता आणि मागचा निळा सेटटॉप बॉक्सचा दिवा छान दिसत होता. आता तो माझ्या मशीनजवळ आला की मी त्याला बाहेर बसवतो.