पासंग, खडे आणि इलेक्ट्रॉन

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात काउंटरवरच्या काचेखाली आण्णांनी बरंच काही दडपून ठेवलंय. अंबाबाईचा फोटो, उधारीवाल्या दोघातिघांच्या चिठ्ठ्या, आणि मार्च 2021 मधलं पेपरातलं एक कात्रण. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत कण नियमाबाहेर वागताना दिसले, निसर्गाचं नवं बल हाती लागतंय की काय, अशी ती बातमी. गिऱ्हाईकाची साखर बांधता बांधता आण्णा त्यावर बोट ठेवायचे, "ह्यात आमची पोरगी हाय."

मी त्यात नव्हते. जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होते, डेटा बातमीतल्याच प्रयोगाचा, सर्नमधल्या एलएचसीबीचा, पण माझं काम शेजारच्या प्रश्नावर. हे आण्णांना चारदा सांगून झालं. "शेजारचं म्हंजे घरातलंच की," एवढंच उत्तर.

2023 च्या जानेवारीत सुट्टीला आले तेव्हा कात्रण तिथंच होतं, आणि ती बातमी आता उरली नाही हे सांगायची पाळी माझ्यावर आली होती.

दुपारी दुकानात गर्दी नसते. आण्णांना आधी तीन भावंडं सांगितली: इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ. तिघंही लेप्टॉन या घराण्यातले. विद्युतभार एकच, स्वभाव एकच, फरक फक्त वजनात. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड, टाऊ जवळजवळ 3,500 पट. म्यूऑन 1936 मध्ये वैश्विक किरणांत सापडला. त्याच्याबद्दल इसिडोर राबी हा शास्त्रज्ञ म्हणाला होता, "हे कुणी मागवलं?" आण्णांना हे फारच पटलं. न मागवलेला माल दुकानात येऊन पडतो तेव्हा तेही हेच म्हणतात. त्यांचा तळहात काउंटरवर पसरलेला होता. त्यातनं सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातोय म्हटल्यावर त्यांनी तो उलटा करून बघितला.

आता नियम असा, की ज्या बलामुळे कणांचा क्षय होतो ते बल या तिघांत दुजाभाव करत नाही. याचा पडताळा घ्यायला आम्ही बी-मेसॉन नावाचा कण धरतो. सेकंदाच्या एक लक्षकोटीव्या हिश्श्याएवढं त्याचं आयुष्य, तेवढ्यात आमच्या यंत्रात तो सेंटीमीटरभर धावतो आणि फुटतो. वीस-बावीस लाखांत एखादा असा फुटतो की त्यातनं केऑन नावाचा एक कण आणि म्यूऑनची जोडी निघते. तितक्याच वेळा केऑन आणि इलेक्ट्रॉनची जोडी निघायला हवी. एका पारड्यात म्यूऑनवाले, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनवाले, भागाकार 1. मार्च 2021 मध्ये तो आला 0.846. केवळ योगायोगाने इतका फरक पडायची शक्यता हजारात एक, आमच्या भाषेत 3.1 सिग्मा. शोध म्हणायला 5 सिग्मा लागतात, म्हणजे 35 लाखांत एक. पण हजारात एक ऐकूनही माणसं झोपेतनं उठतात. सिद्धान्तवाल्यांनी शेकडो पेपर लिहिले.

"काटा मारत असंल तुमचा," आण्णा म्हणाले. उसाच्या काटामारीवर उभं आयुष्य चर्चा करणाऱ्या जिल्ह्यातला माणूस दुसरं काय म्हणणार?

खरं तर काटा मारतोच. म्यूऑन जड, तो यंत्रातल्या लोखंडाच्या जाड भिंतींतनंही सरळ निघून जातो, मोजायला सोपा. इलेक्ट्रॉन म्हणजे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं काठोकाठ भरलेला पेला घेऊन गर्दीतनं निघालेलं पोर. यंत्राच्या एकेका थराशी धक्का लागला की प्रकाशकण सांडतो, ऊर्जा कमी होते. सांडलेलं हिशोबात धरून मूळचं किती ते ठरवायचं. सगळं सापडत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनवाले बरेचसे निसटतात. दोन पारडी मुळातच समतोल नाहीत.

आण्णांनी वर बघितलं. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा येऊन पंधरा वर्षं झाली, तरी जुना तराजू खिळ्याला टांगलेलाच आहे. पितळेची पारडी काळवंडलीत, आणि डाव्या साखळीला सुतळीनं एक गंजका नट बांधलाय. तो पासंग, दोन्ही पारडी समतोल करायला बांधलेला. "मग पासंग न्हाई बांधला व्हय?"

बांधला होता! जे-साय नावाचा एक कण आहे. तो म्यूऑनच्या आणि इलेक्ट्रॉनच्या जोडीत अगदी सारखा फुटतो, हे इतर प्रयोगांतनं पक्कं ठाऊक आहे. बी-मेसॉनमधनं तो मुबलक निघतो. आधी त्याच्यावर पारडी जुळवायची, काटा मध्यावर आला की मग दुर्मीळ माल तोलायचा. या कामात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, आणि एरवी ती समजावताना माझी दमछाक होते. इथं मात्र तो नट बघून झाल्यावर समजवायचं काही उरलंच नाही.

"मग चुकलं कुठं?"

20 डिसेंबर 2022 ला सर्नच्या सभागृहात नवा निकाल सांगितला गेला. मी सँ-जेनीतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ऐकत होते. सँ-जेनी हे सर्नला लागून असलेलं फ्रान्समधलं गाव, काम सर्नमध्ये असलं की मी तिथं राहते. समोर जुराच्या डोंगरावर बर्फ, चहात आईनं दिलेली गवती चहाची सुकी पात. पडद्यावर तसल्याच भागाकारांचे चार आकडे आले: 0.994, 0.927, 0.949, 1.027. चारही आपापल्या चुकीच्या मर्यादेत 1 शी जुळणारे. इलेक्ट्रॉनच्या पारड्यात काही वेगळेच कण, पायॉन आणि केऑन, इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. त्यामुळे ते पारडं जड झालं आणि भागाकार 1 च्या खाली आला. जे-सायच्या ढिगात तसले चार कण मिसळले तरी कळत नाही, ढीगच एवढा मोठा. मूठभर दुर्मीळ मालात मात्र तेच चार आकडा हलवतात.

आण्णा तांदळाचं पोतं सोडत होते. मूठभर तांदूळ हातावर पसरले, अंगठ्यानं एक पांढरा खडा बाजूला केला आणि म्हणाले, "काटा बरोबर हुता. मालात खडे हुते."

अडीच वर्षं मी असलं काम इंग्रजीत समजावत आले होते, एकदाही एवढ्या थोडक्यात जमलं नव्हतं.

मी कात्रण काढायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बातमी आल्ती, हे तर खोटं न्हाई."

माझा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. मी तिसऱ्या भावंडावर, टाऊवर, काम करते. बी-मेसॉनमधनं डी-स्टार नावाच्या कणाबरोबर टाऊ किती वेळा निघतो आणि म्यूऑन किती वेळा, याचं गुणोत्तर हिशोबानं 0.25 च्या आसपास यायला हवं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या बाबर प्रयोगात ते जास्त आलं. मग जपानमधल्या बेलमध्ये आणि आमच्याकडेही. सगळं एकत्र केलं तर फरक साधारण 3 सिग्मा. टाऊ स्वतः दिसतच नाही. जन्मल्या जन्मल्या फुटतो, आणि फुटताना न्यूट्रिनो नावाचे यंत्राला न दिसणारे कण सोबत ऊर्जा घेऊन हातावर तुरी देऊन जातात. "ह्यात खडे न्हाईत कशावरनं?" हा आण्णांचा पुढचा प्रश्न, आणि माझ्या प्रबंधातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण नेमकं त्याच्यावरच आहे.

परत गेल्यावर लगेच रात्रपाळी होती, फर्ने-व्होल्तेर या फ्रान्समधल्या गावातल्या, एलएचसीबीच्या कंट्रोल रूममध्ये. यंत्र तिथंच, जमिनीखाली शंभर मीटरवर. वर विमानतळाची धावपट्टी जवळ, आसपास शेतं. जोडीला पुण्याचा एक सहकारी होता. मी आईला फोनवर म्हटलं, "पोचलो, जेवलो, आता कामावर आलो." तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, हे त्याला समजावण्यात पहाटेचे तीन वाजले.

तो फोन खरं तर सामानाबद्दल होता. निघताना आण्णांनी बॅग दुकानातल्या काट्यावर ठेवली होती: 22 किलो 800. विमानतळावर भरली 23 किलो 500. काउंटरवरची बाई हसत होती, पण ऐकेना. शेवटी गुळाची ढेप काढून हातातल्या पिशवीत कोंबली. हे आईकडनं ऐकल्यावर मागनं आण्णांचा आवाज आला, "त्यांच्या काट्याचा पासंग बघितलंस काय आधी?"