छतावरच्या डोममध्ये किती ल्युमेनचा बल्ब लावावा?

बल्ब घ्यायला गेलं की दुकानदार अजूनही आधी विचारतो, "किती वॅटचा देऊ?" वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत असतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, १०० वॅटचा १,३०० च्या आसपास. आजचा ९ वॅटचा एलईडी बहुधा ८०० ते ९०० देतो. ल्युमेनला वॅटने भागून पाहा. उत्तर ९० च्या खाली आलं तर दुसरा बल्ब मागा.

आता खोली घ्या. १० बाय १२ फुटांची, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. बसण्या-उठण्याच्या खोलीला १५० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ल्युमेन, पुरतात. गुणाकार १,६५० येतो, पण हा उजेड प्रत्यक्ष खाली पोहोचायला हवा. दुधी काच, भिंतींचा रंग आणि साचलेली धूळ मिळून सहज ४० टक्के खातात. म्हणून बल्बांची बेरीज २,७०० च्या आसपास धरा. ९ वॅटचे तीन बल्ब, किंवा २० वॅटची एलईडी ट्यूब आणि सोबत एक बल्ब. घरात वयस्कर माणसं असतील तर याहून जास्त ठेवा, कारण वयाबरोबर डोळ्यांत कमी प्रकाश शिरतो.

दोन होल्डरच्या बंद डोममध्ये, म्हणजे छताला बसवलेल्या दुधी काचेच्या झाकणाच्या दिव्यात, हे गणित फसतं. बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक असतो, उजेड पुढच्या अर्धगोलातूनच बाहेर पडतो. डोममधले होल्डर आडवे असतात, त्यामुळे बराचसा उजेड खाली येण्याऐवजी काचेच्या कडेवर जातो. मग लोक १५ किंवा २० वॅटचे बल्ब कोंबतात, आणि वर्षभरात ते उडतात. दोष उष्णतेचा. बल्बच्या बुडाशी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट, असतो. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे आत द्रव असलेला वीज साठवणारा भाग, तापला की वाळत जातो. ढोबळ हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. डोमवर 'कमाल ६० वॅट' लिहिलेलं असतं ते जुन्या बल्बच्या उष्णतेने होल्डर आणि वायर जळू नये म्हणून. एलईडी त्या मर्यादेत असला तरी कोंडलेल्या हवेत टिकेलच असं नाही. बंद डोममध्ये ९ वॅटच्या वर जाऊ नये, बल्ब आणि काच यांत दोन बोटांची जागा सोडावी, आणि कमी पडणारा उजेड भिंतीवरच्या ट्यूबने भरून काढावा. भरपूर उजेडासाठी डोम बदलायचाच असेल तर सपाट एलईडी पॅनेल घ्या. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

ही ट्यूब भिंतीवर सात-साडेसात फुटांवर, पंख्याच्या पात्यांच्या पातळीखाली लावा. पात्यांच्या वर आणि जवळ दिवा असला की सावल्या फिरतात आणि वाचणाऱ्याचं डोकं दुखतं.

स्वयंपाकघरात छतावरचा दिवा कितीही मोठा असला तरी ओट्यापाशी उभ्या माणसाची सावली विळीवर आणि सुरीवर पडतेच. वरच्या कपाटाच्या बुडाशी, पुढच्या कडेजवळ, दोन फुटी १० वॅटची पट्टी लावली की प्रश्न मिटतो. तिथे सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ८० च्या खाली नको. कोथिंबीर पिवळी पडली आहे का हे कळायला हवं. प्रकाशाचा रंग ४,००० केल्विन ठेवा. ६,५०० चा निळसर पांढरा डोळ्यांना जास्त लख्ख वाटतो, पण तेवढ्याने ल्युमेन वाढत नाहीत.

बटण बंद केल्यावरही बल्ब मंद जळत राहिला तर बल्ब परत करायची घाई नको. बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा असेल तर त्यातून झिरपणारा करंट पुरेसा ठरतो. इंडिकेटर नसेल तर बटण बहुधा न्यूट्रलवर जोडलेलं असतं. ते वायरमनकडून फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, घ्या, कारण तशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो.