जीज बेंड : नदीच्या वळणातलं गाव

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा-माँटगोमेरीला काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीच्या खुणा बघायला बरेच जण जातात. त्यांनी आणखी एक दिवस काढून विल्कॉक्स काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) जीज बेंड या गोधड्यांच्या गावी जावं. गाडी स्वतःचीच हवी, सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर निघू नका. काउंटीचं मुख्य ठिकाण कॅम्डेन. तिथंच पेट्रोल भरून घ्या, पोटपूजाही उरका, कारण पुढं हॉटेलं शोधत बसावं लागेल.

जीज बेंडला (नकाशात बॉयकिन शोधा) अलाबामा नदीनं तीन बाजूंनी वेढलंय. कॅम्डेनहून रस्त्यानं गेलात तर लांबलचक वळसा, तासाभराचा. फेरीबोटीनं मात्र पाव तासाच्या आसपास. बोटीनंच जा. १९६२ साली, इथले काळे लोक मतदार नोंदणीसाठी कॅम्डेनला जाऊ लागले तेव्हा, ही फेरी बंद झाली आणि ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. पाण्यावर उभं राहून पलीकडचा काठ बघितला, की एवढंसं अंतर चव्वेचाळीस वर्षं कुणी तोडून ठेवलं होतं याचा राग येतो. आता बोट विजेवर चालते. वारा किंवा नदीची पातळी वाढली तर ती रद्द होते, म्हणून निघायच्या आधी चौकशी कराच.

गावात पेटवे आडनावाची माणसं पावलोपावली भेटतात. १८४५ मध्ये मार्क पेटवे या मळेवाल्यानं ही जमीन घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनातून आपले गुलाम इथवर चालवत आणले. आडनाव त्याचंच चिकटलं. १९३२ मध्ये एका सावकार व्यापाऱ्याच्या विधवेनं वसुलीसाठी कुळांची जनावरं, अवजारं, धान्य, सगळं उचलून नेलं. पुढं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात सरकारनं जमीन विकत घेतली, घरं बांधली आणि कुळांना स्वस्त कर्जावर दिली. माझ्या मते सगळी मेख इथं आहे. काउंटीत इतरत्र मतदार नोंदणी केली म्हणून मालक कुळांना हुसकावून लावत होते, पण स्वतःच्या जमिनीवरच्या माणसाला कोण हुसकावणार? फेब्रुवारी १९६५ मध्ये चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग इथं येऊन बोलले. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीची गाडी ओढली ती इथल्याच खेचरांनी.

आता गोधड्या. शेतातले विटलेले डेनिम, पिठाच्या पोत्यांचं कापड, असल्या तुकड्यांतून बायकांनी शिवलेल्या. आपल्या आजीच्या वाकळेसारखीच काटकसर, पण मांडणी बिनधास्त. चौकोन मुद्दाम तिरके, रंग मध्येच तुटलेले. १९६६ मध्ये जवळच फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली. पुढं तिला सिअर्स या मोठ्या दुकान-कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं आणि उरलेल्या चिंध्या गोधड्यांत उतरल्या. २००२ पासून त्या मोठ्या संग्रहालयांत झळकल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. गावातल्या रस्त्यांकडेला त्यांचे नमुने रंगवलेले फलक आहेत, गाडी सावकाश हाका.

विकत घ्यायची तर मोठी गोधडी महाग पडते. हातशिलाईचे महिने आठवा आणि घासाघीस करू नका. लहान तुकडेही मिळतात. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, त्यामुळं आठवड्यातला मधला वार बरा. ऑक्टोबरात गोधड्या बाहेर दोऱ्यांवर वाळत घालण्याचा उत्सव भरतो. तेव्हा जायचं तर सेल्मात खोली आधीच धरून ठेवा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या.