दिसते तेवढेच लिहा: बडोद्यात संग्रहालयाच्या नोंदवहीसोबत

संग्रहालयात इंटर्नशिप करते आहे असे सांगितले की नातेवाईक राजा रविवर्म्याची चित्रे, तलवारी नाहीतर कमाटीबागेतल्या संग्रहालयातील देवमाशाच्या सांगाड्याविषयी विचारू लागतात. नोंदवहीविषयी कोणी विचारत नाही. संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ मात्र तिच्याचपाशी जातो, आणि माझ्या मते जायलाही हवा. कारण वस्तू फुटली तर ती जोडणारे लोक आहेत, पण ती कोठून आली, कोणी दिली आणि केव्हा आली हे एकदा हरवले की ते सांगायला सहसा कोणी उरलेले नसते.

हे काम शिकायला बडोद्यासारखे गाव नाही, असे इथे वाढलेली मुलगी म्हणणारच. तरीही काही गोष्टी निर्विवाद आहेत. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) उभारलेल्या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे युरोपातून यायची चित्रे अडकून पडली आणि दालन १९२१ मध्ये उघडले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ मध्ये सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी गावाला लागून असलेल्या अकोट्यात जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला होता. त्यांतील काही मूर्तींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. आम्ही आज नोंदवहीच्या ‘प्राप्तीचा स्रोत’ या रकान्यात जे लिहितो, त्याचाच एक भाग शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी थेट धातूवर लिहून ठेवला होता, हे मला या व्यवसायाचे सर्वांत जुने प्रमाणपत्र वाटते.

मी जिथे काम करते ते संग्रहालय यांपैकी नाही. त्याचे नाव इथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत.

वस्तू आली की प्रथम तिला तात्पुरता क्रमांक आणि देणाऱ्याला पावती मिळते. स्वीकारायची असे ठरले, कागदपत्रांवर सह्या झाल्या, म्हणजे ती प्राप्ती नोंदवहीत चढते आणि तिला कायमचा क्रमांक मिळतो. आमच्याकडे तो तीन भागांचा असतो: वर्ष, त्या वर्षातील कितवी प्राप्ती (म्हणजे एका वेळी आलेल्या वस्तूंचा गट), आणि त्या प्राप्तीतील कितवी वस्तू. २०१९.४.१७ म्हणजे २०१९ मधील चौथ्या प्राप्तीतील सतरावी वस्तू. वस्तू पुढे नष्ट झाली तरी तो क्रमांक दुसरीला देत नाहीत. नोंदवही बांधीव असते, पाने छापील क्रमांकांची असतात, आणि चूक झाली तर ती खरडून काढायची नसते. एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. संगणकावर सगळे चढवले तरी ही वही कुलपात राहते.

खरी परीक्षा वर्णनाच्या रकान्यात होते. नोंदणी विभागाच्या आमच्या बाई पहिल्यापासून एकच सांगत आल्या: “डोळ्यांना दिसतंय तेवढंच लिही. वाचलेलं, ऐकलेलं दुसऱ्या रकान्यात, आणि कोणाकडून ऐकलं तेही.” म्हणून परीक्षा झाल्याशिवाय ‘सोने’ लिहायचे नाही, ‘पिवळा धातू’ लिहायचे; चांदीऐवजी ‘पांढरा धातू’. आरंभी हे कारकुनी वाटते. परंतु ‘सोन्याची अंगठी’ असे लिहून ठेवलेली वस्तू वीस वर्षांनी पितळेची निघाली, तर मूळ नोंद चुकली होती की मधल्या काळात वस्तू बदलली गेली, हे कोणालाही ठरवता येणार नाही. नीरस वर्णन हेच वस्तूचे आणि ती सांभाळणाऱ्याचेही संरक्षण असते.

उदाहरण म्हणून एक लुगडे घेते. जुन्या नोंदीत त्याच्याविषयी ‘जुने जरीचे लुगडे, १’ एवढेच आहे, आणि अशा वर्णनाची लुगडी त्या कपाटात अनेक आहेत. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचे वस्त्र कोणत्याच टेबलावर सबंध मावत नाही. म्हणून ते एका नळीवरून सोडत दुसऱ्या नळीवर घेत टप्प्याटप्प्याने मोजावे लागते, आणि या कामाला दोन माणसे लागतात. अंग मोतिया, काठ जांभळा, पदरावर पिवळ्या धातूच्या तारेची बुट्टी. तार बऱ्याच ठिकाणी काळवंडलेली, कारण जरीतल्या चांदीवर हवेतील गंधकाची संयुगे काम करतात. घडी वर्षानुवर्षे त्याच रेषांवर पडल्याने तिथे तार तुटून बाहेर आलेली. एका टोकाला कोणीतरी चिठ्ठी साध्या टाचणीने टोचली होती. टाचणी गंजली आणि तांबूस डागाने तिचे अख्खे चित्र कापडावर उमटले. हे सर्व, पदराच्या टोकापासूनचे अंतर मोजून, स्थिती अहवालात जाते आणि सोबत मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र. आता ते लुगडे घडी न घालता, आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर, वर मलमलीचे आवरण घालून ठेवले आहे. क्रमांक धुतलेल्या सुती फितीवर लिहून ती फीत उलट्या बाजूला, जर टाळून, चार सैल टाक्यांनी शिवली आहे.

क्रमांक घालण्याच्या पद्धतीवरून संग्रहालयाची कुंडली मांडता येते. नियम असा की क्रमांक टिकला पाहिजे आणि हवा तेव्हा निघालाही पाहिजे. धातू, दगड किंवा भाजलेल्या मातीवर आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर देतात, तो वाळल्यावर शाईने लिहितात, वर पुन्हा थर. काढायचा झाल्यास अ‍ॅसिटोनने निघतो. कागदावर मागच्या बाजूस मऊ पेन्सिलने, दाब न देता. आमच्या कपाटांत मात्र नेलपॉलिश, बॉलपेन आणि पिवळी पडलेली सेलोटेप यांची रेलचेल आहे. एका समईवर तर तिन्ही आहेत, आणि तीन वेगवेगळे क्रमांक.

अशा वेळी जुन्या वह्या उघडाव्या लागतात, आणि त्या कधी गुजरातीत, कधी मराठीत, कधी इंग्रजीत असतात. गुजराती नोंदींत विक्रम संवत येतो. ‘१९८४’ या आकड्यापुढचे ‘सं.’ पुसट झाले असले तर वाचणारा बिनदिक्कत इसवी सन १९८४ समजतो. वस्तू प्रत्यक्षात १९२७-२८ मध्ये आलेली असते. हा फरक नुसता विद्वत्तेचा नाही. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे साधारणपणे १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पंचावन्नाहून अधिक वर्षे अशी गहाळ झाली तर कायद्याच्या दृष्टीने वस्तूच वेगळी होते.

जतनाच्या बाजूविषयी लोकांना वाटते की त्यात रसायने फार असतात. माझ्या वाट्याला आला तो बहुधा झाडू आणि आर्द्रतामापक. विश्वामित्रीकाठच्या या गावात पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. खिडक्या उघडाव्यात की बंद ठेवाव्यात यावर आमच्याकडे जितका वाद होतो तितका मूर्तीच्या कालनिर्णयावरही होत नाही. माझे मत बंद ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण आर्द्रतेच्या अचानक चढउताराने लाकूड आणि रंगाचा थर अधिक दुखावतो. कांस्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर ती वस्तू लगेच वेगळी, कोरड्या डब्यात ठेवायची आणि संरक्षकांना, म्हणजे जतनाचे काम करणाऱ्या तज्ज्ञांना, बोलवायचे; आपण घासायचे नाही. वस्त्रे आणि कागदावर प्रकाश ५० लक्सच्या आत. वस्तू उचलण्याआधी ती कोठे ठेवायची ती जागा मोकळी करायची, आणि भांडे कधीही कानाला धरून उचलायचे नाही.

आणि जागा बदलली की स्थलांतर वहीत नोंद, मग ती वस्तू शेजारच्या फळीवर का जाईना. या वहीचा सर्वांना कंटाळा आहे. आमच्याकडे ‘गहाळ’ म्हणून लिहिलेल्या वस्तूंपैकी पुष्कळ त्याच खोलीत दुसऱ्या कपाटात सापडल्या आहेत.

पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी २बी पेन्सिल, कापडी मोजपट्टी आणि बारीक भिंग सोबत आणावे; बॉलपेन आणि अंगठ्या बाहेरच्या खणात ठेवाव्या लागतात. समईचा निकाल अजून लागलेला नाही. तिच्या तीन क्रमांकांपैकी एक नोंदवहीत दुसऱ्याच वस्तूचा निघाला, दुसऱ्याची वही बांधणीला गेली आहे, आणि तोवर तिला चौथा, तात्पुरता क्रमांक मिळाला आहे, तो दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर.